नारिंगी खांबाच्या अलीकडे

लास वेगासच्या हॅरी रीड (२०२१ पर्यंत मॅकारन) विमानतळाच्या पश्चिम अंगाला कुंपण घातलेले एक छोटे, वेगळे टर्मिनल आहे. तिथून पांढऱ्या रंगाची, खिडक्यांच्या रांगेवरून तांबडा पट्टा गेलेली बोईंग ७३७ विमाने दररोज उडतात. त्यांच्यावर कोणत्याही कंपनीचे नाव नसते आणि त्यांच्या वेळा विमानतळावरच्या फलकावर लागत नाहीत. रेडिओवर त्यांना ‘जॅनेट’ म्हणतात. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये माझे वडील माझ्याकडे राहायला आले होते. त्यातले एक विमान मी त्यांना दाखवले आणि ते एरिया ५१ नावाच्या गुप्त लष्करी तळावर माणसे घेऊन जाते असे सांगितले, तेव्हा त्यांनी परग्रहवासीयांबद्दल एक अक्षरही विचारले नाही. “म्हणजे ही कामगारांची बस झाली,” असे म्हणून सकाळची पाळी किती वाजता सुरू होत असेल, एवढेच त्यांनी विचारले.

बाबांनी खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत चौतीस वर्षे नोकरी केली. आम्ही भावंडे लहान असताना आमच्या घरात दोनच गोष्टी ठाऊक होत्या: ते सकाळी सायकलवरून जातात, आणि गेटवर झडती होते म्हणून काडेपेटी चुकूनसुद्धा खिशात ठेवत नाहीत. आत ते नेमके काय करतात, हे आईलाही माहीत नव्हते. तो विषय निघाला की ते पानावरची कोशिंबीर संपली असे सांगत.

विमान पाहिल्यानंतर तिकडे जाण्याची टूम माझी नव्हे, त्यांचीच होती. नकाशा उघडल्यावर मात्र मला धास्ती वाटू लागली. ग्रूम लेक हे कोरडे सरोवर वेगासपासून हवाई अंतराने सुमारे ८३ मैलांवर आहे. त्याच्या काठावरचा तळ लष्करी हद्दीच्या खूप आत आहे, आणि हद्दीच्या अलीकडची बहुतेक जमीन ‘ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट’ या केंद्रीय खात्याची आहे. तिथे तंबू ठोकायला परवाना लागत नाही. एका जागी चौदा दिवसांपर्यंत मुक्काम करता येतो. म्हणजे राहण्याला कायद्याची आडकाठी अजिबात नव्हती. अडचण होती ती आमच्या कागदपत्रांची. माझा व्हिसा नोकरीचा, एच-१बी, बाबांचा पर्यटकाचा. लष्करी हद्दीत पाऊल टाकण्याच्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि परक्या देशाच्या नागरिकाला त्या कैदेपेक्षा पुढच्या वेळी व्हिसाच्या खिडकीपाशी जे होईल त्याचीच भीती अधिक. मी ठरवले की दोघांचे मूळ पासपोर्ट जवळ ठेवायचे, ड्रोन आणि मोठ्या भिंगाचा कॅमेरा घरीच ठेवायचा, आणि फोनवरचा नकाशा जो रस्ता सरळ सरोवरापर्यंत दाखवतो त्याच्यावर काडीचाही विश्वास ठेवायचा नाही.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी निघालो. नवरात्र सुरू होते आणि बाबांचा नऊ दिवसांचा उपवास होता, त्यामुळे डिकीत तंबू, पाण्याचे कॅन आणि जाड रजया यांच्याबरोबर वरईचे तांदूळ, दाण्याचे कूट, राजगिऱ्याच्या वड्या आणि उदबत्तीचा पुडा असा सरंजाम होता. अलामो या गावात टाकी काठोकाठ भरली. क्रिस्टल स्प्रिंग्ज इथे मोठा रस्ता सोडला की राज्य महामार्ग ३७५ लागतो. नेवाडा सरकारने १९९६ मध्ये त्याचे नाव ‘एक्स्ट्राटेरेस्ट्रियल हायवे’ असे ठेवले, म्हणजे पर्यटकांनी कशासाठी यावे हे सरकारनेच पाटीवर लिहून टाकले. पुढे रेचेल नावाची, पन्नासेक लोकांची वस्ती आहे आणि तिथल्या खाणावळीत हिरव्या बाहुल्या विकायला असतात. आम्ही तिथवर गेलो नाही. हॅनकॉक समिट ही खिंड ओलांडली की समोर टिकाबू खोरे उघडते. त्यात जोशुआ ट्री नावाची, हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसांसारखी दिसणारी काटेरी झाडे लांबवर पसरलेली आहेत, आणि त्यांच्यामधून पट्टीने आखल्यासारखी एक पांढुरकी रेघ डोंगरांकडे जाते. तोच ग्रूम लेक रोड. बाबांनी ती रेघ बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, “एवढा चांगला कच्चा रस्ता कोणी गुरांसाठी ठेवत नाही.”

तो रस्ता महामार्गापासून हद्दीपर्यंत सुमारे १४ मैल आहे, आणि खरोखरच आमच्या गावाकडच्या कित्येक डांबरी रस्त्यांहून बरा आहे. धूळ मात्र एवढी उडते की आपण येत आहोत हे पंधरा मिनिटे आधीच सगळ्या खोऱ्याला कळते. रस्त्याच्या कडेला जमिनीत गाड्यांची चाहूल घेणारी यंत्रे पुरलेली असतात असे मी वाचले होते, पण आमच्या धुळीपुढे त्यांची गरज पडली असेल असे वाटत नाही. शेवटच्या वळणाआधी उजवीकडच्या टेकाडावर एक पांढरी पिकअप गाडी तोंड आमच्याकडे करून उभी होती. काचा काळ्या होत्या. आम्ही थांबलो, तरी तिच्यात काही हालचाल झाली नाही.

हद्दीवर तेव्हा कोट नव्हता, काटेरी तारही नव्हती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाट्या आहेत आणि त्यांच्यापासून डोंगरावर चढत जाणारे, डोके नारिंगी रंगवलेले खांब आहेत. पाट्यांवर १९५० च्या अंतर्गत सुरक्षा कायद्याचा दाखला देऊन परवानगीशिवाय आत येणे बेकायदा असल्याचे लिहिले आहे, छायाचित्रे घेण्यास मनाई केलेली आहे आणि प्राणघातक बळ वापरण्याची मुभा असल्याचेही सांगितले आहे. आपल्याकडे ‘प्रवेश निषिद्ध’च्या पाटीखाली माणसे डबा उघडून बसतात. इथे तार नसूनही ती रेषा ओलांडावी असे वाटले नाही. बहुधा तार नव्हती म्हणूनच वाटले नाही.

पाट्यांपासून शे-दीडशे पावले अलीकडे मी गाडी थांबवली. उतरण्याआधी बाबांनी शर्टाच्या खिशातली उदबत्तीसाठी घेतलेली काडेपेटी काढून डॅशबोर्डवर ठेवली. मग फोन ठेवला. मग पेनही ठेवले. मी पाहत होतो, पण त्यांना आपण काही वेगळे केले असे वाटल्याचे दिसले नाही. हात पाठीमागे न घेता, अंगापासून किंचित सुटे ठेवून ते पाट्यांच्या दिशेने गेले, बऱ्याच अलीकडे थांबले, दोन्ही पाट्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्या आणि परत आले.

आम्ही तिथून मागे फिरून, हद्दीपासून अंदाजे दीड मैल अलीकडे, डावीकडच्या चाकोरीवर पूर्वी कोणीतरी दगडांची चूल मांडलेली जागा निवडली. निवडण्यातली चूक मला दुसऱ्या दिवशी कळली: रस्त्याने दीड मैल म्हणजे हद्दीपासून दीड मैल नव्हे. रेषा डोंगराच्या कडेने वळते आणि आमच्या तंबूच्या मागच्या बाजूला ती अर्ध्या मैलावर आलेली होती.

संध्याकाळी स्टोव्हवर वरईचे तांदूळ आणि दाण्याची आमटी झाली. मी बाबांना त्या जागेचा मला ठाऊक असलेला इतिहास सांगितला. १९५५ मध्ये सीआयएने यू-२ हे टेहळणी विमान चाचणीसाठी इथे आणले. ते ६०,००० फुटांहून अधिक उंचीवर उडत असे, आणि त्या काळची प्रवासी विमाने त्याच्या निम्म्या उंचीलाही पोहोचत नसत. संध्याकाळी खाली अंधार पडलेला असताना वर त्याच्या पंखांवर ऊन चमके, आणि वैमानिक उडत्या तबकड्या पाहिल्याच्या तक्रारी नोंदवत. खरे कारण सांगण्याची सोय नव्हती. पुढे इथेच १९६२ मध्ये ए-१२ हे विमान उडाले, रडारला सहजी न दिसणारे एफ-११७ हे विमान इथेच १९८१ मध्ये पहिल्यांदा उडाले. बॉब लझार नावाच्या माणसाने १९८९ मध्ये वेगासच्या एका वाहिनीवर आपण या तळाजवळ परग्रहावरच्या यानांवर काम केल्याचा दावा केला, तेव्हापासून जगभरचे लोक या खोऱ्यात येऊ लागले. तळ टेकड्यांवरून दिसतो असे लक्षात आल्यावर हवाई दलाने १९९५ मध्ये फ्रीडम रिज आणि व्हाइट साइड्स या दोन्ही टेकड्या आपल्या हद्दीत घेतल्या. आता तो पाहायचा तर २६ मैलांवरच्या टिकाबू शिखरावर दुर्बीण घेऊन चढावे लागते. हा तळ अस्तित्वात आहे हे सीआयएने आपल्या कागदपत्रांतून सरळ मान्य केले ते २०१३ मध्ये.

यातले काहीही बाबांना फारसे रोचक वाटले नाही. ते मन लावून ऐकू लागले ते कामगारांच्या खटल्यापाशी आल्यावर. तळावर विषारी कचरा उघड्या खड्ड्यांत जाळला जातो आणि त्या धुराने आम्ही आजारी पडलो, अशी तक्रार घेऊन काही कामगार आणि दोन मृत कामगारांच्या विधवा १९९४ मध्ये न्यायालयात गेल्या. गुप्ततेची शपथ घेतलेली असल्याने हयात कामगारांना स्वतःच्या नावाने दावाही लावता आला नाही. काय जाळले ते सांगितले तर राष्ट्राच्या सुरक्षेला धोका पोहोचेल, असे सरकारचे म्हणणे होते. सप्टेंबर १९९५ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ग्रूम लेकजवळच्या त्या तळाला पर्यावरण कायद्यानुसार माहिती उघड करण्यातून सूट दिली, आणि खटला तिथेच बसला.

“डॉक्टरला काय सांगितलं असेल त्यांनी?” बाबांनी विचारले.

मी म्हणालो की ते मला माहीत नाही.

“काहीच सांगितलं नसेल,” असे ते म्हणाले आणि ताट धुवायला उठले.

साडेआठच्या सुमाराला पश्चिमेच्या डोंगरामागून नारिंगी रंगाचे चार दिवे एका ओळीत वर आले, हवेत तसेच लटकत राहिले आणि एकेक करून विझले. माझ्या अंगावर काटा आला, हे कबूल केले पाहिजे. “फ्लेअर,” बाबा म्हणाले. “पॅराशूटला बांधलेले असतात, म्हणून खाली येताना वाटत नाहीत. सराव चालला असेल कुणाचा तरी.” आणि ते कानटोपी घालून तंबूत शिरले. चंद्र लवकर मावळला होता. त्या खोऱ्यात एकही दिवा नाही, त्यामुळे आकाशगंगेचा पट्टा एवढा ठसठशीत दिसत होता की मी पुण्यात कधी आकाश पाहिलेच नव्हते असे वाटले. थंडीही मनस्वी होती.

रात्री एक वाजून दहा मिनिटांनी मला इंजिनाचा आवाज ऐकू आला. दिवे नव्हते. या गाड्या रात्री अंधारात पाहण्याचा चष्मा लावून दिव्यांशिवाय चालवतात असे मी वाचले होते, पण वाचणे वेगळे आणि तंबूच्या कापडाआड बसून खड्यांवरून येणारी चाके ऐकणे वेगळे. गाडी शंभरेक पावलांवर थांबली. इंजिन चालूच राहिले. मी बाबांना उठू नका म्हणून खुणावले, तर ते केव्हाच उठून बसले होते आणि स्वेटरची बटणे लावत होते. मी काही बोलण्याआधी त्यांनी चेन उघडली, बाहेर जाऊन उभे राहिले, टॉर्च लावून तिचा झोत स्वतःच्या अंगावर धरला, आधी चेहऱ्यावर, मग एका रिकाम्या हातावर, मग दुसऱ्या. लगेच गाडीच्या टपावरचा प्रखर दिवा लागला आणि आमचा तंबू आतून कागदाच्या कंदिलासारखा उजळला. बाबा त्या उजेडात डोळ्यांवर हात न घेता उभे होते. साधारण तीन मिनिटांनी दिवा गेला. गाडीने मागे वळताना क्षणभर पुढचे दिवे लावले, त्यातला डावा बंद होता.

“घाबरलास?” आत येऊन त्यांनी विचारले.

“तुम्ही बाहेर कशाला गेलात?”

“अरे, रखवालदाराला मोजायचं असतं. किती माणसं, हातात काय. त्याला दिसलं नाही तर तोच जास्त घाबरतो.” पाच मिनिटांत ते घोरू लागले. मला पहाटेपर्यंत झोप लागली नाही, आणि नेमकी लागली तेव्हा ते फिरायला गेले.

पहाटे साडेपाचला उठून तासभर चालायचे हा त्यांचा पर्वतीच्या पायथ्याचा नेम. मी सातला उठलो तर तंबूत त्यांचा फोन आणि काडेपेटी उशाशी नीट ठेवलेली आणि ते नाहीत. दुर्बीण लावून पाहिले. कोरड्या ओढ्याच्या काठाने अर्ध्या मैलावर ते उभे होते, त्यांच्यापासून दहा-बारा पावलांवर नारिंगी डोक्याचा खांब होता, आणि खांबाच्या पलीकडे ती पांढरी पिकअप. मी धावलो. धावत जाऊ नये हे मला माहीत होते, पण धावलो.

गाडीत वाळूच्या रंगाच्या कपड्यांतले दोघे होते. छातीवर नाव नव्हते, दंडावर बिल्ला नव्हता. काच चार बोटे खाली होती. ओढ्यात उतरल्यावर बाबांना खांब दिसला होता आणि ते जिथल्या तिथे थांबले होते. गाडी त्यानंतर आली. चालवणाऱ्याने मला एकच वाक्य ऐकवले: हद्द त्या खांबाशी आहे, आणि शेरीफच्या माणसाला कळवले आहे. आम्ही थांबावे की जावे, असे विचारले तर काच वर गेली. हे पहारेकरी कंत्राटदाराची माणसे असतात. अलीकडच्या जमिनीवर त्यांना कुणाला अटक करता येत नाही, म्हणून ते लिंकन काउंटीच्या शेरीफला बोलावतात. आम्ही तंबूपाशी येऊन बसलो. गाडी तिथेच राहिली. चहा केला, पण मला तो गिळवेना.

डेप्युटी यायला सव्वा तास लागला. वयाने बाबांच्याच आसपासचा, शांत माणूस होता. त्याने पासपोर्ट घेतले, व्हिसाची पाने पाहिली, मी कुठे काम करतो ते विचारले. मग बाबांकडे वळून, निवृत्तीपूर्वी काय करत होतात, असे विचारले. मी सरकारी नोकरी असे उत्तर मनात तयार ठेवले होते आणि मध्येच बोलायला तोंडही उघडले होते.

“अ‍ॅम्युनिशन फॅक्टरी,” बाबा इंग्रजीत स्वच्छ म्हणाले. “गव्हर्न्मेंट ऑफ इंडिया. थर्टी-फोर इयर्स.”

डेप्युटीने पासपोर्टवरून मान वर केली. परक्या देशाच्या दारूगोळा कारखान्यातला माणूस, सकाळी सातला, एरिया ५१ च्या खांबापाशी. मला आमच्या घराचा भाडेकरार, माझी नोकरी, मुलीची शाळा असे सगळे एकामागून एक आठवू लागले. तो पासपोर्ट घेऊन गाडीत गेला आणि रेडिओवर बोलत बसला. पंचवीस मिनिटे. मी बाबांना दबक्या आवाजात म्हणालो की एवढे सांगायची गरज नव्हती. ते म्हणाले, “चौतीस वर्षं कुणाला काही सांगितलं नाही, ते वेगळं. खोटं कधी सांगितलं नाही.”

परत आल्यावर डेप्युटीने खांबापाशी फोटो काढले का, असे विचारले. फोन तंबूतच होता असे बाबांनी सांगितले. सकाळी फिरायला जाताना फोन तंबूत का ठेवला, असे त्याने विचारले, आणि मला वाटले की हा प्रश्न आता वाकडा जाणार. “गेटजवळ न्यायचा नसतो,” बाबा म्हणाले. मी ते वाक्य इंग्रजीत सांगितले. डेप्युटी हसला नाही, पण त्याने पासपोर्ट परत दिले. हद्द ओलांडलेली नाही असे आतल्या लोकांनीही कळवले आहे, त्यामुळे दंडाचा प्रश्न नाही. मात्र तंबू रस्त्याच्या पूर्वेकडे न्या किंवा घरी जा, असे तो म्हणाला. आम्ही घरी जायचे ठरवले.

पुढच्या वर्षी, २० सप्टेंबर २०१९ ला, समाजमाध्यमावरच्या एका थट्टेपायी वीस लाखांहून अधिक लोकांनी या तळावर धडक मारण्याची तयारी दाखवली होती, तेव्हा तळाच्या दोन प्रवेशद्वारांपाशी मिळून प्रत्यक्षात दीडशेच्या आसपासच माणसे जमली. त्या बातम्या पाहताना बाबांनी पुण्याहून फोन करून, पाट्यांमागे ज्यादा पाळी लावली असेल का, असे विचारले होते.

तंबू गुंडाळताना टेकाडावर पुन्हा पांढरी पिकअप दिसत होती. “ही रात्रीची नाही,” बाबा म्हणाले. “रात्रीच्या गाडीचा एक दिवा गेला होता, हिचे दोन्ही लागताहेत. पाळी बदलली.” त्यांनी चुलीच्या दगडांपाशी उदबत्ती लावली, ती संपेपर्यंत थांबलो, मग काडी आणि राख एका डबीत घेऊन निघालो.

डांबरी रस्त्याला लागल्यावर मी त्यांना विचारले की तुम्ही आत नेमके काय करत होतात. हा प्रश्न मी आयुष्यात पहिल्यांदा विचारत होतो. त्यांनी बराच वेळ खिडकीबाहेर पाहिले. मग सांगितले की पहिली अकरा वर्षे ते तपासणीला होते, पट्ट्यावरून पितळी पुंगळ्या येत, त्या हातात घेऊन कड पाहायची. केसाएवढी चीर असली तर ती डोळ्यांना दिसण्याआधी अंगठ्याला कळते. त्यांनी उजव्या हाताचा अंगठा डॅशबोर्डच्या कडेवरून फिरवून दाखवला.

“आणि नंतरची तेवीस वर्षं?”

“अलामोला चहा बरा मिळतो का रे?” त्यांनी विचारले.